मागच्या घराची वाट पुढच्या अंगणातून: हक्क की मेहेरबानी?

वाडासंसार
नमस्कार मंडळी. इंदूरला मल्हारगंजात आमचा जुना वाडा आहे. १९६४ साली आजेसासऱ्यांच्या दोन मुलांत वाटणी झाली. रस्त्याकडचा भाग आणि चौक थोरल्या पातीकडे गेला, मागचा भाग आणि विहीर आमच्याकडे आली. आम्हाला रस्त्यावर यायला पूर्वेच्या भिंतीलगत बोळ आहे आणि तो थोरल्यांच्या जागेतून जातो. इतक्या वर्षांत त्यावरून कधी शब्दाला शब्द लागला नाही.

गेल्या दिवाळीनंतर चुलत दिरांनी पुढचा भाग विकला. नवीन मालकाला तिथे खाली दुकानं, वर फ्लॅट काढायचे आहेत. त्याने पत्रे ठोकून काम सुरू केलंय. बोळात आता एक माणूस आडवा होऊन जाईल इतकीच जागा उरली आहे. विचारायला गेलो तर म्हणतो, "रजिस्ट्रीत पूर्ण प्लॉट माझा आहे. आधीचे मालक तुमचे नातलग होते, त्यांनी जाऊ दिलं ही त्यांची मेहेरबानी. मागे बॅकलेन आहे, तिकडे दार काढा."

बॅकलेनकडे दार काढायचं तर आमचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पाडावं लागेल. ते करायचं का, हा आमचा प्रश्न. पण या बोळातून माझ्या दोन्ही नणंदांच्या वराती निघाल्या, सासूबाईंना याच बोळातून शेवटचं नेलं. साठ वर्षं उजळ माथ्याने वापरलेली वाट कुणाच्या मर्जीची कशी ठरते? माझं ठाम मत आहे की हा आमचा हक्क आहे. नव्या शेजाऱ्याशी वैर धरायचं नाही, पण वाट सोडणार नाही. कायदा नेमका काय म्हणतो आणि अशा वेळी कुणी काय केलं, ते सांगा.

पोहेप्रेमी
एकमेकांना 'भिया' (भैया) म्हणणाऱ्या शहरात शेजाऱ्याची वाट अडवतात? त्याला आधी पोहे-जिलेबी खायला घरी बोलवा. येणार कुठून, हे त्यालाच विचारा!

जुनीइंदूर
यात विचारायचं काय? वीस वर्षं वहिवाट असली की हक्क पक्का. तुमची तर साठ झाली. सरळ स्टे आणा.

देपालपूरवाला
वकिलाकडे जायच्या आधी तहसीलदाराकडे अर्ज करा. आमच्या शेताचा असाच तंटा झाला होता. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९, कलम १३१. शेताकडे जायच्या वाटेवरून वाद झाला तर तहसीलदार जागेवर चौकशी करतो, पूर्वापार रिवाज काय होता ते बघतो आणि सगळ्यांची सोय पाहून निर्णय देतो.

आमच्याकडे सोयाबीन काढायला हार्वेस्टर आला की दर वर्षी वरच्या शेतवाल्याशी वाजायचं. गोयाची, म्हणजे गाडीवाटेची, नोंद नकाशात होती, पण नांगरत नांगरत त्याने तो निम्मा खाल्ला होता. काळी माती, चौमासात बैलगाडीची चाकं आसापर्यंत रुतायची, मग गाडीवाले शेजारच्या पिकातून जायचे आणि त्यावरून आणखी तंटे. पटवाऱ्याने पंचनामा केला, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब घेतले, वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या रिवाजांची सरकारी नोंद, काढून पाहिलं. त्यात वाट लिहिलेली होती. एका हंगामात निकाल लागला.

ॲड_रेवातीर
देपालपूरवाला, तुमची माहिती बरोबर आहे, पण १३१ शेतकऱ्याच्या शेताच्या वाटेसाठी आहे. मल्हारगंजातल्या वाड्याच्या बोळाला ते लागणार नाही. आणि शेतातसुद्धा तहसीलदाराच्या निर्णयानंतर दिवाणी दावा लावायचा मार्ग खुला असतो, हे त्याच कलमात आहे.

वाडासंसार ताई, तुमचा विषय १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचा. सुविधाधिकार म्हणजे आपल्या मिळकतीच्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या जागेवर असलेला हक्क. त्यात वाटेचा हक्क निरनिराळ्या पायांवर उभा राहतो आणि कोणत्या पायावर उभं राहायचं ते आधी ठरवावं लागतं.

जुनीइंदूर म्हणतात ती वीस वर्षांची वहिवाट कलम १५ मध्ये आहे. शांतपणे, उघडपणे, खंड न पडता, आणि हक्क म्हणून वापर हवा. जमीन सरकारी असेल तर तीस वर्षं. इथे तुमच्यापुढे दोन अडचणी आहेत. वाटणीच्या आधीची वर्षं मोजता येत नाहीत, कारण तेव्हा सगळी जागा सामाईक होती आणि स्वतःच्या मालकीच्या जागेवर सुविधाधिकार नसतो. ते चालून जाईल, १९६४ नंतरची वर्षं भरपूर आहेत. दुसरी अडचण जास्त जड आहे. भावाभावांत, चुलत्यांत वापर झाला की समोरचा वकील म्हणणार, हा हक्काने नव्हे, प्रेमाने दिलेल्या परवानगीने झाला. नवीन मालक "मेहेरबानी" म्हणतोय ते कुणीतरी शिकवूनच. परवानगी कलम ५२ मध्ये येते आणि ती साधारणपणे केव्हाही काढून घेता येते.

दुसरा पाया कलम १३. सामाईक मिळकतीची वाटणी झाली आणि एकाच्या हिश्श्याचा उपभोग दुसऱ्याच्या हिश्श्यातून गेल्याशिवाय घेताच येत नसेल, तर तो हक्क वाटणीबरोबरच मिळतो. यासाठी वीस वर्षं लागत नाहीत. पण हा गरजेचा हक्क आहे. गरज संपली की कलम ४१ प्रमाणे हक्कही संपतो. सोय आणि गरज यांत न्यायालयं कडक फरक करतात. बॅकलेन सार्वजनिक असेल आणि तिकडे दार काढणं शक्य असेल, तर या एकट्या पायावर तुम्ही कमजोर आहात. स्वयंपाकघर पाडावं लागतं ही मोठी गैरसोय आहे, पण "दुसरी वाटच नाही" असं म्हणता येत नाही. आत्ताच सांगते, नंतर कोर्टात धक्का नको.

तिसरा पाया लेखी दस्ताने दिलेल्या हक्काचा. वाटणीपत्रात बोळाबद्दल काही लिहिलंय का? तिथे वाट दिली असेल तर बॅकलेन असो नसो, काही फरक पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हीरो विनोथ विरुद्ध शेषम्मल या निकालात हेच सांगितलं: दस्ताने दिलेली वाट गरज संपली म्हणून संपत नाही.

म्हणून पहिलं काम, वाटणीपत्र शोधा. आणि तोपर्यंत कशावरही सही करू नका. "आपल्या परवानगीने तात्पुरती ये-जा करू" अशा मजकुराचा कागद नवीन मालक गोडीगुलाबीने पुढे करेल. त्या एका सहीने तुमची बाजू निम्मी ढासळेल.

वाडासंसार
रेवातीर ताई, खूप आभार. असा कागद त्याने खरंच पाठवला होता! यजमान सही करणार होते, "भांडण तरी मिटेल" म्हणून. मी थांबवलं. वाटणीपत्र थोरल्या जावेच्या कपाटात असेल, मागते.

राऊचा_शेजार
मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. राऊजवळ आमची थोडी जमीन आहे. वडिलांनी मागच्या शेतकऱ्याला बांधावरून पायी जायला दिलं. पायी माणसाची सायकल झाली, सायकलचा ट्रॅक्टर झाला. मग एका पावसाळ्यात त्याने मुरूम टाकून रस्ता रुंद केला आणि म्हणाला, पूर्वीपासून आहे. आता त्याला तिथे प्लॉट पाडायचे आहेत आणि आमच्या बांधावरून डंपर न्यायचे आहेत. वडिलांच्या चांगुलपणाची किंमत आम्ही का मोजायची?

ताईंचा नवीन मालक बघा. त्याने फुटाफुटाचे पैसे मोजलेत, स्टँप ड्युटी भरली आहे. विकणाऱ्याने त्याला बोळाबद्दल सांगितलं नसेल तर त्याचा दोष काय? ज्याची जमीन जाते त्याचंही ऐका.

नकाशावाला
राऊकर, तुमचा त्रास खरा आहे आणि कायदा तुमच्या बाजूनेही आहे. कलम २८: एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही. पायवाट असेल तर ट्रॅक्टर नाही, शेतीसाठीची वाट असेल तर वसाहतीचे डंपर नाहीत. शिवाय कलम २२: वाट वापरणाऱ्याने जमीनमालकाला कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने वापरायचं.

पण नवीन मालकाचा दोष काय, हे मला पटत नाही. जागा विकत घेताना माणूस निदान चक्कर मारून येतो. बोळ उघड्यावर आहे, त्याच्या टोकाला एका कुटुंबाचं दार आहे, रोज माणसं जातात-येतात. डोळ्यांसमोर दिसणारी गोष्ट "माहीत नव्हती" म्हणता येत नाही. विकणाऱ्याने लपवलं असेल तर त्याने विकणाऱ्याला धरावं. मागच्या घराच्या दारात पत्रे का ठोकायचे?

राऊचा_शेजार
पाहिलं की सगळं कळतं असं नसतं. बोळ दिसतो, बोळावर हक्क आहे की नाही ते दिसत नाही. ते रजिस्ट्रीत लिहिलेलं असायला हवं.

नकाशावाला
यात मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत. लिहिलेलं असायलाच हवं.

पुणेकर_आता
माहेर इंदूरचं, आता पुण्यात. महाराष्ट्रात मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ आहे. शेताची वाट अडवली की तहसीलदाराकडे कलम ५ खाली दावा, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शहरात मिळकत पत्रिकेवर सुविधाधिकाराचा वेगळा रकानाच असतो. आमच्या सोसायटीच्या पत्रिकेवर मागच्या बंगल्याच्या वाटेची नोंद आहे, त्यामुळे बिल्डरला नकाशा काढतानाच ती सोडावी लागली. भांडण सुरूच झालं नाही.

लष्करकर
ग्वाल्हेरला लष्कर भागात जुन्या सरदारांचे वाडे तुकड्यातुकड्यांनी विकले गेले, तिथेही हेच चाललंय. आमच्या आत्याच्या घरी तर वेगळाच प्रकार झाला. पुढच्याने बोळाला लोखंडी गेट लावलं, कुलूप घातलं आणि एक किल्ली दिली. आत्या म्हणाली, किल्ली आहे ना, मग काय बिघडलं. मग रात्री दहानंतर आतून कडी लागायला लागली. रात्री दीड वाजता काकांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा कडी काढायला माणूस उठेपर्यंत सगळे गेट वाजवत उभे. काका वाचले. दुसऱ्या दिवशी माझ्या आतेभावाने ती कडी कापून टाकली आणि मग पोलिसांत एकमेकांविरुद्ध अर्ज. वाट अडवणं म्हणजे काय असतं ते त्या रात्री सगळ्या गल्लीला कळलं.

ॲड_रेवातीर
लष्करकर, फार वाईट झालं. गेट लावायला हरकत नसते, मालकाला चोरांपासून संरक्षण हवंच. पण वापरात अडथळा येता कामा नये. किल्ली आणि आतली कडी या दोन गोष्टी एका गेटवर चालत नाहीत. आणि कडी स्वतः कापायची नाही. मारामारीची वेळ येत असेल तर एसडीएमकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे, जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६६ वाटेच्या वापरावरून शांतता भंग होण्याच्या भीतीसाठी आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते १४७ होतं. बारमाही वाट असेल तर चौकशी सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांत ती वापरलेली असली पाहिजे. म्हणून ताई, आडवं होऊन जावं लागलं तरी बोळातून जाणं बंद करू नका.

रावपुरा
बडोद्याहून. ताई, कागद सापडेपर्यंत पुरावा जमवा. आमच्या वाड्याच्या दाव्यात लग्नाच्या अल्बममधले फोटो उपयोगी पडले. नवरदेव बोळातून येतोय, मागे भिंतीवर सालाचं कॅलेंडर. वकिलाने तो फोटो मोठा करून लावला.

नकाशावाला
रावपुरांनी छान सांगितलं. मी आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डावर काम केलं, त्यामुळे माझी नजर पाइपाकडे जाते. ताई, तुमचा नर्मदेचा नळ कुठून येतो? नर्मदेचं पाणी इंदूरला १९७८ मध्ये आलं. तुमचं कनेक्शन जुनं असेल आणि लाइन बोळातून मागे गेली असेल, तर निगमची (महापालिकेची) जुनी पावती, रस्ता खोदण्याची परवानगी, काहीतरी घरात असेलच. विजेची सर्व्हिस वायर कुठून आली आहे तेही बघा. खांब पुढे आणि मीटर मागे असेल तर वायर बोळाच्या भिंतीवरून गेली असणार, भिंतीत जुन्या चिनीमातीच्या खुंट्या असतील. त्यांचे फोटो काढा.

फरशीकडेही बघा. आमच्या जुन्या इंदुरातल्या बोळांत दगडी फरशी मधोमध झिजलेली असते आणि कडेला मोरीची उतरती पन्हळ असते. मधल्या झिजेची मापं घेऊन ठेवा. पत्रे ठोकणारा उद्या फरशी उखडेल, मग ती झीज दाखवायला राहणार नाही. कोर्टाकडून कमिशनर नेमून जागेची पाहणी करून घेता येते, पण तोपर्यंत फरशी जागेवर हवी.

वाडासंसार
नकाशावाला काका, तुमचं वाचून लगेच बघायला गेले. नळाची लाइन बोळातूनच येते! भिंतीत पांढऱ्या खुंट्या आहेत, त्यांतल्या दोनवर अजून जुन्या तारेचे तुकडे आहेत. फरशी मधोमध इतकी झिजली आहे की पावसाचं पाणी पन्हळीत न जाता तिथेच साठतं. लहानपणी मुलं त्यात कागदी होड्या सोडायची. सगळ्याचे फोटो काढले.

दूरदेशी
थोडं विषयांतर. मी एडिंबरोला राहतो. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने बहुतेक जमिनीवरून आणि पाण्यावरून जबाबदारीने जायचा हक्क सगळ्यांना दिला आहे. दुसऱ्याच्या कुरणातून चालत जाता येतं, फाटक उघडलं तर परत लावायचं, पिकात शिरायचं नाही. घराचं अंगण यातून वगळलेलं आहे. इथे पहिल्यांदा एका शेतातून चाललो तेव्हा कुणीतरी ओरडेल म्हणून मी भीत होतो. शेतकऱ्याने हात हलवला.

जुनीइंदूर
दूरदेशी, इथेही अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या (देखाव्यांच्या मिरवणुका) निघतात तेव्हा रस्त्यावरची सगळी घरं आपली असतात. कुणाच्याही ओट्यावर बसा, कुणाच्याही गच्चीवर चढा, वर पाणी मिळतं.

ॲड_रेवातीर
जुनीइंदूर, परवानगीचं याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. ओट्यावर शंभर वर्षं बसलात तरी तो हक्क होत नाही, कारण बसणाऱ्यालाही माहीत असतं की घरमालकाच्या खुशीने बसलोय. बोळातून जाणाऱ्याच्या मनात तसं नसतं. तो स्वतःच्या घरी जात असतो.

जुनीइंदूर
एडिंबरोचं नाव निघालं म्हणून आठवलं. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश नगररचनाकार इंदूरला होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून आले होते, १९१८ चा त्यांचा अहवाल प्रसिद्ध आहे. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढायला त्यांचा विरोध होता. गल्ली-बोळ राखायचे, जिथे अगदी दाटी आहे तेवढंच मोकळं करायचं, असं त्यांचं म्हणणं. प्लेगाच्या काळात त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढून लोकांकडून घरंदारं साफ करून घेतली होती. ज्या शहराच्या बोळांची त्या माणसाने इतकी काळजी केली, तिथे आता दुकानाच्या गाळ्यासाठी बोळ गिळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

देपालपूरवाला
आणि बॅकलेनचं? आमच्या लहानपणी तिकडे नाक धरून जायचो. २०१७ पासून शहर स्वच्छतेत पहिलं यायला लागलं, बॅकलेन धुतल्या, रंगवल्या. चांगलंच झालं. पण ती स्वच्छ झाली म्हणून तिकडे घराचं तोंड फिरवा असं दुसऱ्याने कसं सांगायचं?

राऊचा_शेजार
हे मात्र मलाही पटलं. घराचं तोंड कुठे असावं हे घरातल्याने ठरवावं.

वाडासंसार
मंडळी, वाटणीपत्र सापडलं! जाऊबाईंनी स्वतः आणून दिलं. त्यांनाही विक्रीनंतर रुखरुख लागली होती. मोडीत नाही, देवनागरीतच आहे. मजकूर असा: "पूर्वेकडील बोळ थोरल्याचे हिश्श्यात राहील, परंतु धाकट्याने व त्याचे वंशजांनी सदर बोळ येण्याजाण्यास व पाणी आणण्यास निरंतर वहिवाटावा, त्यास थोरल्याने हरकत करू नये." दोघांच्या सह्या, चार साक्षीदार आणि रजिस्ट्रेशनचा शिक्का. वाचताना हात कापत होते माझे.

पोहेप्रेमी
जिलेबी माझ्याकडून!

ॲड_रेवातीर
ताई, अभिनंदन. नोंदलेला दस्त आहे, बोळाची मालकी थोरल्यांची पण वाट तुमची हे स्पष्ट आहे, "निरंतर" आणि "वंशज" हे शब्द आहेत, पाणीसुद्धा आहे. पाण्याचा उल्लेख नसता तर नळाच्या पाइपावर वेगळा वाद झाला असता. थोरल्यांकडे जेवढं होतं तेवढंच ते विकू शकले. बोळ या ओझ्यासकट नवीन मालकाकडे गेला आहे. रजिस्ट्रीत त्याचा उल्लेख नसला तरी काही बिघडत नाही.

आता दावा कसा मांडायचा ते. मुख्य आधार दस्ताचा. त्याच्या जोडीला पर्याय म्हणून वहिवाट आणि गरज, दोन्ही वादपत्रात तारखांसह लिहा. आणि "बोळ आमच्या मालकीचा" असं चुकूनही लिहू नका. बच्छज नाहर विरुद्ध नीलिमा मंडल, २००८: मालकीचा दावा लावला, सुविधाधिकार मांडलाच नाही, तर कोर्ट स्वतःहून तो देणार नाही. जस्टिनियानो आंतांव विरुद्ध बर्नाडेट परेरा हाही निकाल बघा. वापर केव्हापासून, कसा, हे सिद्ध न झाल्याने तिथे वहिवाट मान्य झाली नाही.

दिरंगाई नको. वहिवाटीच्या आधारासाठी अडवणूक झाल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा लागतो. आणि अडवणूक कळूनही एक वर्ष गप्प राहिलात तर तो खंड धरला जातो. आधी नोटीस पाठवा, दस्ताची प्रत जोडा, तीच प्रत निगमच्या भवन अनुज्ञा शाखेत हरकत म्हणून द्या. मालकी हक्क निगम ठरवत नाही, पण नकाशात बोळ मोकळा दाखवलाय की बांधलेला, ते तिथे कळेल. काम चालूच राहिलं तर दाव्याबरोबर तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज. समोरच्याने कॅव्हेट (माझं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज) लावली असेल तर तुमचा वकील तयारीने गेला पाहिजे.

राऊचा_शेजार
ताई, कागद पाहिल्यावर माझा विरोध राहिला नाही. आमच्याकडे असा कागद एकाही बाजूने नाही, हीच खरी गोची आहे. मी मागच्या शेतकऱ्याशी बोलून पायी आणि ट्रॅक्टरसाठी दहा फूट वाट लिहून द्यायला तयार आहे, प्लॉटिंगसाठी नाही असं त्यात घालून. असं करता येतं का?

ॲड_रेवातीर
येतं. वापर कशासाठी ते लिहा, रुंदी लिहा, नकाशा जोडा आणि दस्त नोंदवा. नोंदणी न केलेल्या कागदाला पुढे किंमत राहत नाही.

वाडासंसार
नोटीस गेल्यावर नवीन मालक स्वतः घरी आला. बोळातून आडवाच आला, यजमानांनी चहा दिला. म्हणाला, विकणाऱ्यांनी त्याला यातलं काही सांगितलं नव्हतं आणि गाळ्यांचं बुकिंग घेऊन तो अडकला आहे. आता त्याचा प्रस्ताव असा: खाली बोळ पूर्ण रुंदीने मोकळा ठेवेल, पण पहिल्या मजल्याच्या उंचीवर स्लॅब टाकून वर बांधेल. वाट मिळते, त्याचाही प्लॉट वाया जात नाही. यजमान हो म्हणायच्या बेतात आहेत. काय करावं?

लष्करकर
स्लॅबखालचा बोळ म्हणजे दिवसासुद्धा अंधार. विचार करा.

नकाशावाला
ताई, मान्य करायला हरकत नाही, पण मापं तुमची. उंची जमिनीपासून स्लॅबच्या खालच्या तुळईपर्यंत मोजायची. स्लॅबपर्यंत मोजली तर तुळई खाली येऊन डोक्याला लागेल. तिरडी खांद्यावर घेऊन चार माणसं सरळ चालली पाहिजेत आणि अंबारीसारखं कपाट किंवा गोदरेज उभं नेता आलं पाहिजे, त्यासाठी दहा फुटांच्या खाली येऊ नका. मधे एकही कॉलम नको. मागच्या टोकाला, तुमच्या दारापाशी निदान दहा फूट लांबी वरून उघडी ठेवा, उजेड-वारा तिथून येईल. दुकानांचे शटर बोळाकडे उघडायचे नाहीत, एसीचे डबे आणि त्यांचं पाणी बोळात नको, जनरेटर नको. फरशीचा उतार रस्त्याकडे. नर्मदेची लाइन आणि ड्रेनेज दुरुस्त करायला बोळ खोदायचा हक्क तुमचा.

ॲड_रेवातीर
नकाशावाला काकांची यादी जशीच्या तशी दस्ताचं परिशिष्ट करा. त्यात दोन गोष्टी घाला. वाट दुरुस्त ठेवणं हे कायद्याने जमीनमालकावर आपोआप येत नाही, म्हणून फरशी-दिव्याचा खर्च कोण करणार ते लिहा. आणि हा नवा दस्त १९६४ च्या हक्काच्या जागी येत नाही, त्याला धरून आहे, हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात हवं. फ्लॅट विकले जातील तेव्हा प्रत्येक रजिस्ट्रीत बोळाचा उल्लेख करायची अट त्याच्यावर घाला. नाहीतर दहा वर्षांनी वरच्या मजल्यावरचा कुणीतरी पुन्हा "मेहेरबानी" म्हणेल. दस्त नोंदला जाईपर्यंत पत्रे मागे घ्यायला सांगा आणि हरकत अर्ज मागे घेऊ नका.

वाडासंसार
सगळं छापून घेतलं. त्याचा इंजिनिअर रविवारी मोजायला येणार आहे, नकाशावाला काका, तुम्हीही आलात तर फार बरं होईल. पत्ता निरोपातून कळवते. जाऊबाईही येणार आहेत, साक्षीदार म्हणून सही मीच करणार म्हणतात.

नकाशावाला
येतो. टेप माझी आणतो, पन्नास मीटरची. तुळईच्या खालून माप घेताना मीच धरीन.

रावपुरा
ताईंचं मार्गी लागलं, आता माझा प्रश्न. आमच्या मागच्या घराचं ड्रेनेज पुढच्याच्या अंगणाखालून जातं आणि त्याने त्यावर पाण्याची टाकी बांधायला घेतली आहे. कागद काहीच नाही.

ॲड_रेवातीर
वेगळा धागा काढा रावपुरा. चेंबरचा फोटो टाका आणि लाइन कोणत्या साली पडली ते आधी महापालिकेतून काढून ठेवा.